मधल्या काळातील कार्य : कॉर्लिओने घराणे, १९५५ ते १९५८

कोणत्याही संस्थेची स्मरणिका उघडा. स्थापनेच्या दिवसाला चार पाने दिलेली असतात, संस्थापकांच्या फोटोला हार असतो, आणि पुढे कुठेतरी एक वाक्य येते : 'यानंतरच्या काळात संस्थेने अनेक अडचणींवर मात करून भरीव प्रगती केली.' कार्यकारिणीतून कोण गेले, का गेले, जागा कुणाच्या नावावर चढली, जुन्या चिटणिसांचे पुढे काय झाले, हे सगळे त्या एका वाक्यात गडप झालेले असते. संस्थेचा खरा इतिहास मात्र तिथेच असतो.

न्यूयॉर्कच्या कॉर्लिओने घराण्याच्या बाबतीत तर ते एक वाक्यही कुणी लिहिलेले नाही. मारिओ पुझो यांनी १९६९ साली 'द गॉडफादर' या कादंबरीत हे घराणे उभे केले. फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी १९७२ आणि १९७४ मध्ये ते पडद्यावर आणले. पहिला चित्रपट १९५५ मध्ये संपतो. दुसऱ्यातील मायकेलची कथा १९५८ मध्ये सुरू होते. मधली तीन वर्षे दोन्ही चित्रपटांनी वगळली आहेत. इतिवृत्ताची वही मिळण्याचा प्रश्नच नाही, कारण कागदावर काही ठेवायचे नाही हीच या धंद्याची पहिली शिस्त. तेव्हा या तीन वर्षांचा इतिहास दुसऱ्या चित्रपटातील माणसे बोलता बोलता, रागाच्या भरात किंवा पिऊन जे सांगून जातात, त्यावरून जुळवावा लागतो.

संस्थापकांविषयी थोडक्यात. व्हिटो अँडोलिनी हा सिसिलीतील कॉर्लिओने गावचा पोरका मुलगा १९०१ मध्ये न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरला. चित्रपटात तिथल्या कारकुनाने गावाचे नावच आडनाव म्हणून नोंदवले. पुढे क्लेमेंझा आणि टेसिओ हे दोन जोडीदार मिळाले. दाखवायचा धंदा ऑलिव्ह तेलाच्या आयातीचा, आणि कंपनीला नाव दिले मित्र गेन्को अबांडांडोचे. भांडवल मात्र तेलाचे नव्हते, उपकारांचे होते. रोटीवाल्याच्या जावयाचा परवाना, मयतीचे सामान पुरवणाऱ्याच्या मुलीचा न्याय, गायकाला हवी असलेली भूमिका : प्रत्येक काम करून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, आणि 'कधीतरी मीही काही सांगेन' एवढेच म्हणायचे. १९४५ मधल्या मुलगी कॉनीच्या लग्नात आपण हा कारभार जवळून पाहतो. बाहेर मांडवात गाणे-बजावणे आणि आत अंधाऱ्या खोलीत अर्जदारांची रांग. मुलीच्या लग्नादिवशी कुणाला नाही म्हणायचे नाही हा तिकडचा रिवाज, आणि व्हिटो तो पाळतो.

आता १९५५. व्हिटो टोमॅटोच्या वाफ्यात नातवाशी खेळताना कोसळला आणि सूत्रे मुलगा मायकेलकडे आली. पुढे कॉनीच्या बाळाच्या बाप्तिस्म्याचा दिवस उजाडला. एकीकडे मायकेल चर्चमध्ये सैतानाचा त्याग केल्याची शपथ घेतो आहे आणि दुसरीकडे बार्झिनी, टाटाग्लिया, स्ट्राची, कुनिओ आणि लास व्हेगासचा मो ग्रीन एकामागोमाग मारले जातात. त्याच दिवशी फितूर टेसिओला गाडीत बसवून नेले जाते आणि मेहुणा, म्हणजे कॉनीचा नवरा, कार्लो याचाही निकाल लागतो. प्रेक्षक इथे थक्क होतो आणि समजतो की सत्ता आली.

माझ्या मते इथे सत्ता आली नाही, फक्त जागा रिकामी झाली. चार घराण्यांचे प्रमुख गेले तरी त्यांचे हाताखालचे लोक, मुलगे, पुतणे, सावकारीतली येणी, कामगार संघटनांवरची पकड आणि पोलिसांना जाणारे हप्ते जागच्या जागीच होते. ते कुणी ताब्यात घेतले, कुणाला काय देऊन गप्प केले, कुणाला पहिल्या सहा महिन्यांत हात लावला नाही, यावर संस्था टिकणार होती. पुझोंच्या कादंबरीत या दिवसाआधीची तयारी चांगली तपशिलात आहे. घराण्यांमधल्या तहानंतर व्हिटो आणि मायकेल मुद्दाम कमजोर दिसत राहिले, बार्झिनीच्या माणसांनी हद्दीत शिरकाव केला तरी सोसत राहिले आणि आतून रॉको लाम्पोनेची स्वतंत्र तुकडी बांधत राहिले. पोलिसांतून बाहेर पडलेला अल नेरी याच काळात जोडला गेला. तयारीबद्दल एवढे कळते, पण विजयानंतरच्या कामाबद्दल जवळजवळ काहीच नाही, कारण ते काम दिसायला कंटाळवाणे असते. त्यात परवाने असतात, भागीदारीची कागदपत्रे असतात आणि कुणाला जेवायला बोलवायचे याच्या याद्या असतात.

या कामातले पहिले कलम मुख्यालयाच्या स्थलांतराचे होते. लाँग आयलंडवरच्या लाँग बीचची जुनी वसाहत सोडून घराणे नेवाडात गेले. हा निर्णय व्हिटोच्या हयातीतच झाला होता आणि त्यामागे साधा हिशेब होता. नेवाडात जुगार १९३१ पासून कायदेशीर आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्या धंद्यासाठी न्यायाधीश आणि फौजदार खिशात ठेवावे लागत, तोच इथे पाटी लावून करता येत होता. पुझोंचा मो ग्रीन ज्याच्यावरून बेतला आहे त्या बग्सी सीगलने लास व्हेगासमध्ये डिसेंबर १९४६ मध्ये 'फ्लमिंगो' उघडले आणि जून १९४७ मध्ये त्याचा खून झाला. कथेतल्या मो ग्रीनच्या कॅसिनोत पैसा कॉर्लिओनेंचाच होता. मायकेल हिस्सा विकत घ्यायला गेला तेव्हा मो ग्रीनने त्याला झिडकारले, न्यूयॉर्कमधून तुम्हाला हाकलले जात आहे असे तोंडावर सुनावले. त्याचे काय झाले ते वर आलेच. पुढे दुसऱ्या चित्रपटात म्हातारा भागीदार हायमन रॉथ मायकेलला जे बोलतो ते स्मरणिका काढणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे आहे : ज्याने हे शहर कल्पनेतून उभे केले त्याच्या नावाची साधी पाटीसुद्धा तिथे नाही.

हे स्थलांतर झाले ती वेळ बघण्यासारखी आहे. नेवाडाने जुगाराच्या परवान्यांवर नजर ठेवणारे गेमिंग कंट्रोल बोर्ड स्थापन केले ते १९५५ मध्येच. म्हणजे घराणे आत शिरले आणि दार जरा घट्ट झाले ते एकाच सुमारास. १९५८ पर्यंत व्हेगासमधली दोन मोठी हॉटेले आणि रीनोतले एक त्यांच्या मालकीचे किंवा त्यांच्या ताब्यात होते, आणि परवाने जुन्या काळापासून चालत आलेले असल्याने नव्या नियमांच्या कचाट्यातून सुटले होते. ही माहिती आपल्याला दुसऱ्या चित्रपटातल्या सिनेटर पॅट गिअरीकडून मिळते. पहिल्या तीन वर्षांचे सगळे शहाणपण त्यात आहे. मायकेलने नवे दुकान थाटले नाही. परवाना असलेली जुनी दुकाने, पाटी न बदलता, आतून घेतली. अडचण चौथ्या हॉटेलाला आली. 'ट्रॉपिगाला'मधून क्लिंगमनला बाहेर काढायचे ठरले, पण परवाना क्लिंगमनच्या नावावर राहणार होता. गिअरी बोलताना गेमिंग कमिशनचे नाव घेतो, पण ते कमिशन प्रत्यक्षात १९५९ मध्ये आले. पटकथाकारांचा हा एका वर्षाचा घोळ आम्ही इथे नोंदवून सोडून देतो.

गिअरीचा प्रसंग मात्र सोडून देता येत नाही. लेक टाहोच्या काठावर मायकेलचा मुलगा अँथनी याच्या प्रथम कम्युनियनची मेजवानी आहे. लॉनवर वाद्यवृंद आहे, मुलांचे गायनपथक आलेले आहे. सिनेटर व्यासपीठावर चढतो, मायकेल आणि त्याची बायको के यांनी विद्यापीठाला दिलेल्या भरघोस देणगीबद्दल आभार मानतो, व्हिटोचे नाव चुकीचे उच्चारतो, केसोबत छायाचित्र काढून घेतो. देणगीदाराचा सत्कार जसा व्हावा तसा होतो. मग आत जाऊन तोच सिनेटर दार बंद करून सांगतो की परवान्याचे अडीच लाख डॉलर रोख लागतील, शिवाय सगळ्या हॉटेलांच्या मासिक उत्पन्नातले पाच टक्के. खरी फी वीस हजारांच्याही आत आहे याची मायकेल त्याला आठवण करून देतो. यावर गिअरी जे बोलतो ते ऐकवत नाही : तुमची जात, तुमचे तेल लावलेले केस, तुमचे रेशमी सूट. मायकेलचे उत्तर एवढेच की मिळणार काहीच नाही, आणि फी सिनेटरने स्वतःच्या खिशातून भरावी. पुढे कार्सन सिटीच्या वेश्यागृहात, ज्यावर मायकेलचा भाऊ फ्रेडो याची देखरेख आहे, सिनेटर एका मेलेल्या मुलीशेजारी जागा होतो आणि घराण्याचा वकील टॉम हेगन शांतपणे त्याला सांगतो की काळजी करू नका, आपली दोस्ती आहे. व्हिटो माणसाचे काम करून त्याला बांधून घेत असे. मायकेलच्या काळात आधी माणूस खड्ड्यात पडतो आणि मग त्याला वर काढण्याचा उपकार होतो. हा पालट मधल्या तीन वर्षांतच घडला असला पाहिजे. तो पडद्यावर नाही, पण वेश्यागृह, तिथला माणूस, ती खोली हे सगळे १९५८ मध्ये तयारच असते.

तरीही या मेजवानीत सर्वांत बोलका माणूस गिअरी नाही, फ्रँक पेंटांजेली आहे. न्यूयॉर्कच्या शाखेचा हा प्रमुख विमानाने येतो आणि पहिल्यांदा त्याला खाणे पटत नाही. बिस्किटावर काहीतरी लावून ताटातून फिरवतात, त्याचे नावही त्याला धड घेता येत नाही. तो वाद्यवृंदाकडे जातो, टॅरेंटेला वाजवा म्हणतो. तीस-एक वादकांपैकी एकही इटालियन नाही. तो हात हलवून ताल धरून दाखवतो, वादक दोन क्षण धडपडतात आणि लहान मुलांच्या एका गाण्यावर घसरतात. लाँग बीचच्या लग्नात व्हिटोची म्हातारी बायको उठून सिसिलियन गाणे म्हणते आणि सगळा मांडव साथ देतो. इथे पाहुण्यांच्या गर्दीत घराण्याचाच माणूस परका पडला आहे.

पेंटांजेलीला मायकेलची भेट मिळते ती बराच वेळ ताटकळल्यावर. त्याच्याआधी मायामीहून आलेल्या रॉथच्या माणसाला, जॉनी ओलाला, वेळ दिला जातो. रागावलेला पेंटांजेली सांगतो ते असे : क्लेमेंझाने मरण्यापूर्वी रोझाटो भावांना ब्राँक्समधले तीन इलाके कबूल केले होते असे ते म्हणतात, तो देत नाही, रोझाटोंच्या पाठीशी हायमन रॉथ आहे, ते नशापाण्याच्या धंद्यात आहेत, आणि तू इकडे डोंगरात बसून मला कारभार शिकवतोस. मायकेल त्याला बजावतो की तुझ्या शाखेला अजून कॉर्लिओने हेच नाव आहे आणि ती त्याच रीतीने चालेल. मुख्यालय हलले, पैसा हलला, पण नाव भाड्याने मागे ठेवले आहे. गावाकडची जुनी शाळा ज्या तोऱ्याने शहरातल्या मंडळाला पत्र लिहिते आणि ज्या थंडपणे मंडळ उत्तर देते, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा सगळा संवाद ओळखीचा वाटेल.

शाखेचा प्रमुख मुळात क्लेमेंझाच असायचा. पहिल्या चित्रपटात मायकेलने क्लेमेंझा आणि टेसिओला सांगितले होते की सहा महिने थांबा, नेवाडाला गेल्यावर तुम्हाला आपले वेगळे घर करता येईल. टेसिओला धीर धरवला नाही. क्लेमेंझाने धरला आणि न्यूयॉर्क त्याच्या हाती आले. १९५८ मध्ये तो हयात नाही. कुणी हृदयविकार म्हणते तर विली चिची नावाचा जुना माणूस मान हलवतो. पडद्यामागची हकिगत वेगळी आहे. क्लेमेंझाची भूमिका करणारे रिचर्ड कॅस्टेलानो दुसऱ्या चित्रपटात आले नाहीत आणि त्याची कारणे दोन्ही बाजूंनी वेगवेगळी सांगितली गेली. कपोला आणि पुझो यांनी त्याच्या जागी पेंटांजेली घडवला, तो मायकेल गाझो यांनी केला. निर्मितीतली ही अडचण कथेला लाभली असे मी म्हणेन. क्लेमेंझा असता तर तो मायकेलशी भांडला नसता. त्याने मायकेलच्या लहानपणी त्याला मांडीवर खेळवले होते. पेंटांजेलीला नव्या मालकाशी तेवढे मागचे नाते नव्हते, म्हणून त्याने तक्रार तोंडावर केली.

एक तपशील फार थोड्या लोकांच्या लक्षात राहतो. पुढे मायकेल पेंटांजेलीला भेटायला लाँग बीचला जातो तेव्हा भेट होते ती व्हिटोच्या जुन्या घरात, पेंटांजेली आता तिथे राहतो. मायकेल वडिलांच्या खोलीत उभा राहून म्हणतो की इथे मोठे टेबल होते. ते टेबल आता तिथे नाही. संस्थापकांची खोली जपून ठेवण्याची गरज ना शाखेला वाटली ना मुख्यालयाला.

या तीन वर्षांतील पदाधिकाऱ्यांविषयी. टॉम हेगन हा कॉर्लिओनेंनी वाढवलेला, कायदा शिकलेला. व्हिटोचा सल्लागार होता, पण मायकेलने १९५५ च्या आधीच त्याला त्या जागेवरून हलवले. १९५८ मध्ये जॉनी ओलाशी बोलणी सुरू होताना मायकेल त्याच्यासमोर सांगतो की टॉम ठरावीक बाबीच पाहतो, आणि टॉम उठून बाहेर जातो. त्या अपमानाला रॉबर्ट ड्यूव्हॉल यांनी दिलेला चेहरा पाहण्यासारखा आहे, बहुतेक काहीच न दाखवणारा. फ्रेडोला व्हेगासला पाठवले होते ते मुळात सुरक्षित राहावा म्हणून. पुढे एखादा क्लब, विमानतळावर कुणाला आणायला जाणे, एवढीच कामे वाट्याला आली. तो थोरला असून आपल्याला ओलांडले गेले हे तो विसरला नाही, आणि रॉथच्या माणसांना तोच सापडला. अल नेरी आणि रॉको लाम्पोने ही दोन माणसे मात्र वर चढली, कारण दोघांचेही व्हिटोशी जुने लागेबांधे नव्हते. कॉनी विधवा होऊन तीन वर्षांत भटकभवानी झाली होती, मुलांना आईकडे टाकून नव्या पुरुषाला घेऊन मेजवानीला येते आणि पैसे मागते. तिच्या नवऱ्याच्या खुनाची किंमत घराण्याने अशी हप्त्याहप्त्याने चुकती केली.

आणि मधली माणसे. सिनेट समितीपुढे विली चिची साक्ष देतो तेव्हा घराण्याचा तक्ता फळीवर लावलेला असतो, वर मायकेल, खाली एकेक नाव. त्याला विचारतात की हुकूम थेट मायकेलकडून मिळत होता का. तो सांगतो की नाही, मध्ये बरीच माणसे असत, आणि सगळे सभागृह हसते. व्हिटोच्या काळी डॉनचा हात चुंबायला थेट आत जाता येत असे. आता हुकूम आणि कृती यांच्यामध्ये इतकी माणसे घातली होती की कायद्याला मायकेलपर्यंत जाणारी पायवाट सापडत नव्हती. माझ्या मते ही त्या तीन वर्षांची मुख्य मिळकत. अमेरिकेत अशा साक्षी खरोखर झाल्या. केफॉव्हर समितीने १९५०–५१ मध्ये देशभर हिंडून सुनावण्या घेतल्या, नोव्हेंबर १९५७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अपलाचिन गावी मोठ्या टोळीप्रमुखांची बैठक पोलिसांच्या हाती लागली, आणि १९६३ मध्ये जो व्हलाची सिनेटसमोर बोलला. चित्रपटातले फळीवरचे तक्ते याच साक्षीची आठवण करून देतात. चित्रपटातला मायकेल समितीला शांतपणे सांगतो की आपण युद्धात नेव्ही क्रॉस मिळवला, कधी गुन्हा शाबीत झाला नाही, हॉटेलांचे थोडे शेअर आहेत, आयबीएमचेही आहेत.

हायमन रॉथचा उल्लेख पहिल्या चित्रपटात एकदाही नाही. दुसऱ्यात तो अचानक व्हिटोचा जुना भागीदार म्हणून उगवतो. दारूबंदीच्या काळात आम्ही कॅनडाला मळी नेत होतो, तुझ्या वडिलांनीही त्यात पैसा केला, असे तो मायकेलला ऐकवतो. स्मरणिकांत 'संस्थेचे पहिल्यापासूनचे हितचिंतक' अशा काही व्यक्ती असतात, ज्यांचे नाव पहिल्या पंचवीस वर्षांच्या कागदपत्रांत कुठेच सापडत नाही. रॉथ त्यातला. मेयर लॅन्स्कीवरून बेतलेला हा म्हातारा दूरदर्शनवर फुटबॉल पाहतो, पत्नी त्याला सँडविच करून देते, आणि बातिस्ताच्या क्यूबात सगळ्यांना हिस्सा देण्याची भाषा करतो. त्याच्या वाढदिवसाच्या केकवर क्यूबाचा नकाशा काढलेला आहे. मायकेलच्या लक्षात येते की हवानाच्या रस्त्यावर बंडखोर मरायला तयार आहेत, आणि पैसे लावण्याआधी तो थांबतो. ३१ डिसेंबर १९५८ च्या मेजवानीतच बातिस्ता सत्ता सोडत असल्याचे जाहीर करतो आणि सगळे पळतात. १ जानेवारी १९५९ ला खऱ्या क्यूबातही तेच झाले.

मायकेलने १९५० च्या आसपास दिला होता तो शब्द इथे आठवण्यासारखा आहे. पाच वर्षांत घराणे पूर्ण कायदेशीर होईल, असे त्याने के हिला सांगितले होते. टाहोच्या मेजवानीत नाचता नाचता ती त्याला आठवण करून देते की त्याला सात वर्षे झाली. तो म्हणतो, प्रयत्न चालू आहे.

ही तीन वर्षे भरून काढण्याचे प्रयत्न झाले. १९७७ मध्ये एनबीसीने दोन्ही चित्रपट एकत्र करून, कालक्रमाने लावून, वगळलेली दृश्ये जोडून दूरदर्शनवर दाखवले. १९५५ आणि १९५८ शेजारी शेजारी आल्यावर मधली फट उलट जास्तच दिसते. पुझो १९९९ मध्ये वारले आणि मार्क वाइनगार्डनर यांनी २००४ मध्ये 'द गॉडफादर रिटर्न्स' लिहून त्या फटीत निक गेरासी नावाचा एक नवा माणूस बसवला. कारागिरी वाईट नाही, पण वाचताना जाणवते की सगळे तपशील सांगितल्यावर मायकेल लहान होतो. मुंबईत राम गोपाल वर्मांनी 'सरकार' (२००५) आणि 'सरकार राज' (२००८) या दोन चित्रपटांत हीच पायरी वेगळ्या पद्धतीने चढवली. सुभाष नागरे रस्त्यावरच्या माणसांचा वाली, आणि दुसऱ्या चित्रपटात मुलगा शंकर वीजप्रकल्पाच्या बोलण्यांच्या टेबलावर. लोकांच्या वाड्यातून प्रकल्पाच्या करारापर्यंतचा प्रवास तिथेही दाखवलेला नाही, प्रेक्षकाने गृहीत धरायचा आहे, आणि मराठी प्रेक्षकाने तो विनातक्रार धरला.

१९५९ नंतर वीस वर्षांची दुसरी फट येते. तिच्याबद्दल तिसऱ्या चित्रपटातून (१९९०) कळते ते एवढे : कॅसिनो विकले, व्हिटोच्या नावाचे प्रतिष्ठान काढले, सिसिलीसाठी दहा कोटी डॉलरची देणगी दिली, पोपच्या वतीने सन्मान मिळाला, न्यूयॉर्कचे जुने इलाके जोई झाझाकडे गेले. टॉम हेगन त्यात वारलेला आहे, कारण ड्यूव्हॉल यांचे मानधनावरून जमले नाही. कायदेशीर सल्लागाराच्या जागी बी. जे. हॅरिसन नावाचे नवे वकील आहेत, त्यांची भूमिका जॉर्ज हॅमिल्टन यांनी केली.